टेक्सासची ‘डिसेबल्ड व्हेटरन’ नंबर प्लेट: दहा महिने वापरल्यावर

गाडीला ‘डिसेबल्ड व्हेटरन’ (डीव्ही), म्हणजे सेवेत अपंगत्व आलेल्या माजी सैनिकाची नंबर प्लेट लावून दहा महिने झाले. इथल्या दोन-तीन मराठी घरांतून विचारणा झाली, म्हणून सविस्तर लिहितोय. मी मावनी योजनेतून, म्हणजे सैन्याला हव्या असलेल्या भाषा येणाऱ्या परदेशी लोकांच्या भरतीतून अमेरिकन सैन्यात गेलो, हिंदी येत होती म्हणून घेतलं. सरावात गाडी उलटली आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. एरवी कृत्रिम पायावर चालतो. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत पाय सुजतो, मग व्हीलचेअर.

मिळवायला फारसा त्रास नाही. सेवेत आलेलं अपंगत्व व्हीएने (माजी सैनिकांचं सरकारी खातं) ५० टक्के किंवा जास्त ठरवलेलं लागतं, पाय गमावला असेल तर ४० टक्क्यांवर भागतं. व्हीएचं पत्र घेऊन काउंटीच्या (जिल्ह्याच्या) टॅक्स ऑफिसात जायचं. पहिल्या जोडीला ३ डॉलर.

पण अर्ज भरताना एक गोष्ट नीट बघा. प्लेटवर व्हीलचेअरचं चिन्ह हवं असेल तर ते वेगळं मागावं लागतं आणि त्यासाठी डॉक्टरच्या सहीचा व्हीटीआर-२१४ फॉर्म लागतो. मला खिडकीवर कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बिनचिन्हाची प्लेट घेऊन घरी आलो. दुसऱ्याच आठवड्यात औषधाच्या दुकानासमोर अपंगांसाठी राखीव निळ्या जागेत गाडी लावली, तर परत येईपर्यंत पोलीस उभा. पूर्वी नुसत्या डीव्ही प्लेटवर तिथं गाडी लावता यायची. १ जानेवारी २०२२ पासून प्लेटवर चिन्ह तरी हवं, नाहीतर आरशाला निळा प्लॅकार्ड, म्हणजे अपंगांना मिळणारं टांगायचं कार्ड. दंड ५०० डॉलरपासून सुरू होतो. त्याने माझ्या पायाकडे बघितलं आणि समज देऊन सोडलं. तो दिवस मनाला फार लागला. पण शांतपणे विचार केला तेव्हा नियम पटला. डीव्ही प्लेट सैन्यात झालेल्या इजेसाठी आहे आणि ती इजा कानाची किंवा हाताचीही असू शकते. दारापाशी जागा हवी ती ज्याला चालवत नाही त्याला, मग तो सैन्यात गेलेला असो वा नसो.

आता माझ्या प्लेटवर चिन्ह आहे, सोबत प्लॅकार्डही घेतला. प्लॅकार्ड चार वर्षं चालतो, इतर राज्यांतही मानतात. सरकारी पार्किंग मीटरवर पैसे पडत नाहीत, खासगी पार्किंग गॅरेजमध्ये मात्र पडतात. टोलची सवलत रस्त्यागणिक वेगळी आहे, तिची नोंदणी स्वतंत्र करावी लागते.

या दहा महिन्यांत कळलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे माझं खरं काम निळ्या जागेपेक्षा तिच्या शेजारच्या तिरक्या पट्ट्यांवर चालतं. कायद्याने ती आखलेली जागा किमान ६० इंच, म्हणजे पाच फूट रुंद लागते. मी दार पूर्ण उघडतो. मागच्या सीटवरून खुर्चीची फ्रेम ओढतो, छातीवरून पलीकडे काढतो आणि खाली टेकवतो. एक चाक बसवतो, मग दुसरं. खुर्ची सीटला लावून ब्रेक ओढतो, दोन्ही हातांवर अंग तोलतो आणि सरकतो. दार अर्धंच उघडलं तर यातलं काहीच होत नाही.

आणि लोकांना तीच जागा रिकामी वाटते. ऑगस्टमध्ये एका देशी किराणा दुकानातून बाहेर आलो, मांडीवर दूध आणि कोथिंबीर, तर पट्ट्यांवर ब्लिंकर लावून एक गाडी उभी. दार वितभरसुद्धा उघडेना. चाळीस मिनिटं उन्हात थांबलो. शेवटी काउंटरवरून गाडीचा नंबर पुकारायला लावला. धावत आला तो आपलाच माणूस निघाला. ‘दादा, माफ करा हो, इथं कुणी लावत नाही म्हणून दोन मिनिटांसाठी लावली.’ खरंच ओशाळला होता, म्हणून मी रागावलो नाही. पण कुणीच लावत नाही म्हणूनच ती जागा माझ्या कामाची आहे, एवढं त्याला सांगितलं. गणपतीत मंदिराबाहेर याच पट्ट्यांवर चपलांचा ढीग आणि ट्रॉल्या असतात. कृपा करून तिथं काहीही ठेवू नका.

अजून एक त्रास होतो. फुल पँट घालून चालत निघालो की लोक रोखून बघतात. ‘तुम्हाला काय झालंय?’ असं एका बाईंनी तोंडावर विचारलं. सुरुवातीला मी पँट वर करून दाखवायचो. आता दाखवत नाही. प्लेटवर चिन्ह आहे, तेवढं पुरे.

साताऱ्याहून बाबा आले होते. तेही फौजेतून निवृत्त झालेले. दोन महिने रोज सकाळी ओल्या फडक्याने दोन्ही प्लेटा पुसायचे. ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

घरच्यांना एक नक्की सांगून ठेवा. ही सोय माणसासाठी आहे, गाडीसाठी नाही. मी सोबत नसेन, मला आणायला-सोडायलाही निघालेली नसेल, तर बायको त्या जागेत गाडी लावत नाही. परवा पावसात पार टोकाला लावून, दोन पिशव्या सांभाळत भिजत दुकानातून परत आली. निळ्या तिन्ही जागा रिकाम्या होत्या म्हणाली.