टीएसलिब वापरून बघितलं, ईएस५ वाल्यांनी टाकाच

टाइपस्क्रिप्टमध्ये (टाइप लिहायची सोय असलेली जावास्क्रिप्ट) काम करताय आणि जुन्या फोनसाठी अजून ईएस५ ला, म्हणजे जावास्क्रिप्टच्या जुन्या आवृत्तीला, कंपाइल करावं लागतंय, तर टीएसलिब टाका, कंपायलरला लागणारी मदतनीस फंक्शनं (हेल्पर) एका जागी ठेवणारं पॅकेज. मायक्रोसॉफ्टचंच पॅकेज, फुकट, २०१६ च्या शेवटी टाइपस्क्रिप्ट २.१ बरोबर आलंय, तरी आमच्या बेळगावातल्या बऱ्याच पोरांच्या प्रोजेक्टमध्ये ते दिसत नाही म्हणून हे लिहितोय.

होतं काय, फाइलीत असिंक-अवेट (उत्तर येईपर्यंत थांबणारा कोड सोपा लिहायची पद्धत) लिहिलं की ईएस५ मध्ये ते नसतंच, मग कंपायलर त्या फाइलीच्या डोक्यावर अवेटर आणि जनरेटर नावाची दोन फंक्शनं चिकटवतो, दोन्ही मिळून दोन हजारांवर अक्षरं, आणि पुढच्या फाइलीत परत तेच, त्याच्या पुढच्या फाइलीत परत तेच. तुमचा कोड दहा ओळींचा का असेना, वर हा पसारा असतोच. बंडलर (सगळ्या फाइली जोडून एक करणारं टूल) हे एकत्र करेल असं वाटतं पण नाही करत, त्याच्या लेखी प्रत्येक फाइलीचं ते वेगळं व्हेरिएबल. टाइपस्क्रिप्टच्या कॉन्फिगमध्ये इम्पोर्टहेल्पर्स ट्रू केलं की सगळ्या फाइली तीच फंक्शनं टीएसलिबमधून घेतात, एकच कॉपी, आणि ट्री-शेकिंग (न वापरलेला कोड गाळणं) असेल तर लागतात तेवढीच येतात.

मी हे खानापूर भागातल्या दूध संकलनाच्या अॅपला लावलं. जांबोटी, कणकुंबीकडं रेंजचा भरवसा नाही आणि लोकांकडं जुने अँड्रॉइड, त्यामुळं ईएस५ सोडायची सोय नव्हती. खरं सांगायचं तर नेटवरून येणारी साइज खूप काही घटत नाही, कारण जीझिप (पाठवताना फाइल दाबायची पद्धत) तोच तोच मजकूर आधीच दाबून टाकतो. पण फोनला शेवटी पूर्ण उघडलेला कोडच वाचावा लागतो की, तिथं ह्याचा खरा उपयोग आहे, आणि बारक्या बारक्या फाइली खूप असतील तर जास्तच.

दोन गोष्टी बघून घ्या. फाइलीत इम्पोर्ट किंवा एक्सपोर्ट नसेल तर ती मॉड्यूल धरली जात नाही आणि हेल्पर पहिल्यासारखे आतच येतात. आणि लायब्ररी पब्लिश करणार असाल तर टीएसलिब डिपेंडन्सीजमध्ये (लायब्ररीबरोबर आपोआप येणाऱ्या पॅकेजांची यादी) ठेवा, डेव्ह-डिपेंडन्सीजमध्ये (फक्त बनवणाऱ्यासाठीची यादी) ठेवलं तर तुमच्याकडं चालेल आणि घेणाऱ्याकडं मॉड्यूल सापडत नाही म्हणून पडेल. आरएक्सजेएस ह्या जावास्क्रिप्ट लायब्ररीनं पण ते डिपेंडन्सीजमध्येच ठेवलंय.

व्हर्जनचं तेवढं वैतागवाणं आहे, टाइपस्क्रिप्ट ३.९ पासून पुढं असाल तर टीएसलिब २, त्याआधीचं असेल तर १. टाइपस्क्रिप्ट वाढवून टीएसलिब जुनंच ठेवलं तर अमुक हेल्पर नाही म्हणून एरर येतो, पण तो बिल्डलाच येतो आणि हेल्परचं नाव घेऊन येतो, म्हणून मी अर्धाच स्टार कापतोय, पाचातले साडेचार. टार्गेट ईएस२०१७ किंवा पुढचं असेल तर असिंक-अवेट तसंच राहतं, अवेटर-जनरेटर येतच नाहीत, तिथं ह्याच्यासाठी मुद्दाम वेळ घालवू नका.