शेतातली कंदुरी आणि काळीज उलटून दाखवणारे मुलाणी मामू

यंदा चैत्रात आमच्या औसा तालुक्यातल्या शेतात कंदुरी, म्हणजे नवसाच्या बोकडाचं जेवण, झालं. शंभरेक माणूस, दोन बोकड, येसूर मसाला घातलेला रस्सा आणि ज्वारीच्या भाकरी. कापायला शेजारच्या गावच्या मुलाणी मामूंना बोलावलं होतं. शेतात येऊन हलाल करायचं, सोलायचं, पोट साफ करून मोठे तुकडे पाडून द्यायचे, असं त्यांचं काम. एका बोकडाचे ८०० रुपये, शिवाय कातडं त्यांचं. आमच्या भागात हे काम करणारे बरेच आहेत आणि दरही साधारण सारखेच. तरी मामूंबद्दल मुद्दाम लिहावंसं वाटलं, कारण पोटातून काय निघालं हे मालकाला हातात धरून दाखवणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

त्यांचं काम आदल्या संध्याकाळीच सुरू झालं. गोठ्यात येऊन त्यांनी दोन्ही बोकड चालवून बघितले, खालची पापणी ओढून आतला रंग बघितला, शेपटीखाली हगवणीचे डाग आहेत का ते बघितलं. पापणी आतून पांढरीफटक असली की जनावराच्या पोटात जंत रक्त पीत असतात, हे शेळ्या पाळणाऱ्याला माहीत असतं. कापणाऱ्याकडून ते ऐकून बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "दादा, औषधपाणी काही केलतं का एवढ्यात?" मोठ्या बोकडाला खोकल्यासाठी चारच दिवसांपूर्वी इंजेक्शन झालं होतं. ते म्हणाले, "मग ह्याला राहू द्या. बाटलीवर दिवस लिहिलेले असतेत, तेवढे भरू द्या." मी गोठ्याच्या फळीवरची रिकामी बाटली काढून वाचली. मटणासाठी किती दिवस थांबायचं ते बारीक अक्षरात खरंच छापलेलं होतं, आणि ते भरायला बराच अवकाश होता. नवसाचा म्हणून राखलेला बोकड बदलायला आई तयार नव्हती. पण लेकरं जेवणार आहेत म्हटल्यावर ऐकलं. दुसरा काळा, उस्मानाबादी जातीचा निवडला. रात्री दोघांचा चारा बंद, पाणी चालू. ओझरी भरलेली असली की पोट फोडताना घाण सांडायची भीती जास्त, म्हणून.

सकाळी बोकड लिंबाच्या फांदीला टांगले. सोलताना मामूंचा डावा हात फक्त कातड्याला, उजवा फक्त मटणाला. केसाळ बाजू एकदाही आत वळू दिली नाही. पोट उघडायच्या आधी मागच्या बाजूनं गोल कापून आतडं सुतळीनं बांधलं, वर अन्ननळीला गाठ मारली. मग ओझरी आणि आतडी एका दमात परातीत घेतली, एक थेंब सांडला नाही. पित्ताची पिशवी काळजापासून (यकृतापासून) वेगळी करताना मात्र एवढे सावकाश झाले की माझा भाचा कंटाळून निघून गेला.

आणि मग ते थांबले. "आता बघा," म्हणाले.

पहिल्या बोकडाचं काळीज तळहातावर घेऊन त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. निरोगी काळजाची कड पातळ, धारदार असते. सुजलेल्याची कड जाड आणि गोल होते. रंग गडद तांबूस-तपकिरी, वरून गुळगुळीत. सुरीनं एक चीर देऊन आतल्या पित्ताच्या नळ्या दाबून दाखवल्या, मऊ होत्या. तळ्याकाठच्या ओलीत चरलेल्या जनावराच्या याच नळ्या जाड, कडक होतात आणि दाबल्या की त्यातून पानासारखे चपटे किडे निघतात. ते किडे गोगलगायीच्या मार्फत गवतावर येतात. फुप्फुस फिकट गुलाबी, दाबलं की स्पंजासारखं. एक तुकडा कापून बादलीत टाकला, तरंगला. न्यूमोनियानं घट्ट झालेला तुकडा बुडतो. गुर्द्यावरची चरबी पांढरीशुभ्र. शेळीच्या चरबीला पिवळेपणा नसतो, दिसला तर काविळीची शंका घ्यायची.

दुसऱ्या बोकडात गडबड निघाली. पोटावरच्या जाळीच्या चरबीला लिंबाएवढा एक फुगा लोंबत होता. पातळ पापुद्रा, आत नितळ पाणी आणि त्यात एकच पांढरा ठिपका. मामूंनी तो न फोडता काढला. मग फुप्फुस उचललं. त्यात हरभऱ्यापेक्षा मोठ्या दोन गाठी मांसात रुतलेल्या, टणक, जाड पांढऱ्या आवरणाच्या. लोंबणारा पातळ फुगा वेगळा आणि ही रुतलेली गाठ वेगळी, हे त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून दाखवलं. दोन्ही कुत्र्याच्या पोटातल्या टेपवर्मची पिल्लं आहेत, पण माणसाला धोका दुसऱ्याचा, त्यानं काळजात, फुप्फुसात पाण्याची गाठ होते. गाठ खाल्ल्यानं तो रोग होत नाही. गाठ कुत्र्यानं खाल्ली की त्याच्या आतड्यात किडे वाढतात, विष्ठेतून अंडी पडतात आणि ती भाजीवरून, पाण्यातून, कुत्र्याच्या केसांवरून आपल्या पोटात जातात.

हे वाचून कुणाला बारीकसारीक वाटेल. आमच्या घरात ते बारीक नाही. २०१४ साली मोठ्या चुलत्यांच्या काळजातून नारळाएवढी पाण्याची गाठ ऑपरेशन करून काढावी लागली. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "घरी कुत्रं आहे का? त्याला काय घालता?" आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो. कारण दर कंदुरीला खराब निघालेलं फुप्फुस, काळजाचे तुकडे बांधावर कुत्र्यांना टाकायचे, हीच रीत होती. दोन वर्षांपूर्वी आलेल्या दुसऱ्या एका माणसानं तर मी नको म्हणत असताना अख्खं फुप्फुस भिरकावलं आणि वर म्हणाला, मुक्या जीवाचं पोट भरतंय. त्याला परत बोलावलं नाही.

मामूंनी आधीच गुडघ्याच्या वर खोल खड्डा खणून घेतला होता. दोन्ही फुप्फुसं, फुगा, गाठींचे तुकडे त्यात, वर कळीचा चुना, माती आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून मोठे दगड. एक पाहुणे म्हणाले, चांगल्या बोकडाचंही फुप्फुस कशाला टाकता? मामू म्हणाले, एकाच परातीत ठेवलं होतं, आता नको. दुसऱ्या बोकडाचं काळीज त्यांनी आडवं-उभं चिरून बघितलं, आत काही निघालं नाही, तेव्हाच भगुण्यात टाकलं. बाकी मटण धडधाकट होतं. मी नंतर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारलं, त्यांनीही हेच सांगितलं आणि आमच्या मोत्या कुत्र्यासाठी जंताची गोळी दिली.

मामूंचा एक नियम मला फार पटला. आपोआप मेलेल्या जनावराला ते सुरी लावत नाहीत, मालक कितीही ओळखीचा असो. अचानक मेलेलं, नाकातोंडातून न गोठणारं काळं रक्त आलेलं जनावर काळपुळीचं (अँथ्रॅक्सचं) असू शकतं. ते उघडलं की जंतू हवेत कवच धरतात आणि त्या मातीत कित्येक वर्षं टिकतात. मागं कुणी रस्त्यावर गाडीखाली आलेलं काळवीट घेऊन त्यांच्या दारात उभं राहिलं होतं, त्यालाही त्यांनी परत पाठवलं. १९७२ च्या कायद्यानं काळविटाच्या मटणाला हात लावणंच गुन्हा आहे, आणि ते कशानं मेलं हे कुणाला माहीत?

तक्रारी दोन आहेत. सहाला येतो म्हणाले आणि साडेसातला आले. चैत्रातलं ऊन दहा वाजता चटके देतं, अशात हा दीड तास महागात पडतो. दुसरं, सोललेला बोकड फांदीला उघडाच टांगला, माशा घोंगावू लागल्या. बायकोनं जुनं धुतलेलं मलमलचं लुगडं आणून गुंडाळलं तेव्हा कुठं जिवाला बरं वाटलं. मच्छरदाणीचा तुकडा त्यांनी स्वतःच आणायला पाहिजे, मी तसं तोंडावर सांगितलंय. ते बारीक तुकडे करून देत नाहीत, वजनकाटाही आणत नाहीत, तेव्हा कोयता, ओंडका आणि माणूस आपला ठेवावा. दोन घागरी स्वच्छ पाणी आणि सुऱ्या बुचकळायला चुलीवर एक पातेलं उकळतं पाणी लागतं. मटण साडेनवाला चुलीवर चढलं.

पुढच्या चैत्राची तारीख त्यांच्याकडं आत्ताच टाकून आलोय. राखलेला मोठा बोकड तोवर पुरता बरा झालेला असेल. या वेळी सहा म्हणजे सहालाच या, आणि खड्डा आम्ही आदल्या दिवशी खणून ठेवतो, असं सांगितलंय.