धार बरी, तोल त्याहून चांगला: मोर्शी–वरुड रस्त्यावरच्या एका शेडचा अनुभव

मोर्शीहून वरुडकडे जाणाऱ्या रस्त्यालगत वेल्डिंगची एक शेड आहे. तिच्यावर पाटी नाही, पण गेले दोन हंगाम माझ्या पेट्रोलवरच्या गवत कापणी यंत्राची पाती मी तिथेच धारेला देतो. संत्र्याची अन्नमुळे जमिनीच्या वरच्या थरात असतात, म्हणून झाडांच्या ओळींमधले गवत वखरण्याऐवजी मी कापून जागीच पडू देतो. परिणामी पावसाळ्यात यंत्राला उसंत नसते आणि धुऱ्याजवळची चुनखडी पात्याची कड खाऊन टाकते. बोथट पाते गवत कापत नाही, फाडते, आणि दुसऱ्या दिवशी हरळीची टोके भुरकट पडलेली दिसतात.

पूर्वी गावातच हातग्राइंडरवर काम उरकले जाई. त्यात धार दिसायची, पण टोकाला निळी झाक यायची. पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापले की ती झाक येते. पात्याचे पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरते आणि धार चार दिवसही टिकत नाही. या शेडमध्ये पट्ट्याचा ग्राइंडर आहे. पट्टा लांब असल्यामुळे त्यावरचा प्रत्येक कण एकदा पोलादाला लागून पुन्हा फिरून येईपर्यंत निवतो, शिवाय कारागीर दर दोन-तीन घासण्यांनंतर पाते पाण्याच्या बादलीत बुडवतो. आधी साठ नंबरचा, म्हणजे जाड कणांचा, पट्टा लावून खाचा काढतो, मग एकशे वीस नंबरचा, बारीक कणांचा. मूळ उतार सुमारे ३० अंशांचा असतो, तो कारागीर सांभाळतो आणि पात्याच्या खालच्या सपाट बाजूला पट्टा लावत नाही. आपल्याकडे धार म्हटली की विळ्याची धार डोळ्यांसमोर येते, पण या पात्याला तशी धार दिली तर पहिल्याच खड्याला ती दुमडते. कडेला किंचित जाडी ठेवणेच योग्य, आणि हे गिऱ्हाइकाला पटवून देण्याचा संयम या माणसाकडे आहे.

खरे पैसे मी मोजतो ते तोलासाठी. धार लावून झाल्यावर तो पाते मधल्या छिद्रातून भिंतीतल्या आडव्या खिळ्यावर अडकवतो, जे टोक खाली झुकते त्यावर खडूची रेघ ओढतो, त्याच टोकाच्या धारेवर पट्टा आणखी थोडा फिरवतो आणि पाते आडवे स्थिर राहीपर्यंत हेच करत राहतो. माझ्या एका पात्याला त्याने पाच वेळा खिळ्यावरून काढले. हा सोस वाटेल, पण हिशेब करून पाहावा: मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या पात्याच्या एका टोकाला, मध्यापासून २५ सेंटिमीटरवर, केवळ १० ग्रॅम वजन जास्त असेल, तर पाते फिरवणाऱ्या दांड्यावर सुमारे २५ किलोचा ओढा पडतो आणि तो प्रत्येक फेऱ्याला दिशा बदलतो. हाताला मुंग्या येतात, बेअरिंग जाते, बोल्ट सैल होतो. माझ्या यंत्राची थरथर पहिल्याच खेपेला जाणवण्याइतकी कमी झाली.

उणिवा आहेत. छिद्र घासून लांबट झालेले असेल तर खिळा तोल चुकीचा दाखवतो. त्यासाठी शंकूच्या आकाराचा तोलकाटा मिळतो, तो त्याने अजून घेतलेला नाही. पात्याच्या मागच्या वर वळलेल्या पंखाकडेही तो पाहत नाही, आणि वाळूने पातळ झालेला पंख तुटून उडू शकतो, तेव्हा ती तपासणी आपणच करावी. गेल्या श्रावणात तर एक पाते मला निळ्या टोकाचे परत मिळाले. दाखवल्यावर त्याने वाद घातला नाही. “दादा, पट्टा घासला होता, माह्या ध्यानात नाही आलं,” असे म्हणून त्याने निळा भाग घासून काढला, दुसऱ्या टोकालाही तेवढेच कमी केले, पुन्हा तोलले आणि पैसे घेतले नाहीत.

एका पात्याचे ऐंशी रुपये पडतात. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, त्यामुळे सकाळी लवकर जावे. यंत्र तिथे नेण्याची गरज नाही. घरीच स्पार्क प्लगची वायर काढून पाते सोडवावे आणि खालची बाजू कोणती ते खडूने लिहून न्यावे, कारण परत देताना तो ते सांगत नाही. मी एकदा उलटे बसवून अर्धी ओळ गवत नुसते झोपवत गेलो होतो.