अर्निका, डोरोनिकम की सेनेसिओ: आल्प्सच्या कुरणातले पिवळे फूल ओळखताना

आल्प्सच्या उंच कुरणात उन्हाळ्यात सूर्यफुलाच्या कुळातले मोठे पिवळे फूल दिसले, की ते अर्निका मोंटानाच असणार असे मानण्याकडे कल होतो. परंतु डोरोनिकम प्रजातीतील काही जाती आणि सेनेसिओ डोरोनिकम यांची फुलेही तशीच मोठी व पिवळी असतात. (तिसऱ्या वनस्पतीच्या नावातच दुसरीचे नाव आहे, म्हणजे घोटाळ्याला आमंत्रणच.) फुलाच्या मध्यभागी नळीसारख्या पुष्पकांची (एकाच फुलात दाटून बसलेल्या इवल्या फुलांची) चकती नसेल आणि सगळी पुष्पके जिभेसारखी चपटी असतील, तर ते फूल या तिघांपैकी नव्हे, दुधळ चीक असलेल्या डँडेलियनच्या गोतावळ्यातले आहे.

चकती असेल, तर फुलाकडे पाहण्याआधी खोडाकडे पाहावे. अर्निकाच्या खोडावरची पाने समोरासमोर, जोडीने येतात. उरलेल्या दोघांत ती एकाआड एक असतात. माझ्या मते एवढी एकच खूण बाकी साऱ्या खुणांपेक्षा भरवशाची आहे, मात्र अर्निकाचे अगदी वरचे छोटे पान कधीकधी एकटे असते, म्हणून खालची जोडी तपासावी. अर्निकाच्या बुडाशी लंबगोल, अखंड कडांच्या पानांचा गुच्छ जमिनीलगत पसरलेला असतो आणि त्या पानांवर लांबीच्या दिशेने धावणाऱ्या ठळक शिरा बोटालाही जाणवतात. डोरोनिकमची बुडाची पाने लांब देठाची, बऱ्याच जातींत तळाशी हृदयाकृती असतात, तर सेनेसिओ डोरोनिकमची पाने जाडसर असून खालच्या बाजूस बहुधा करडी लव असते.

पाने चरली गेली असतील, तर फूल हळूच कलते करून त्याखालची हिरवी छदे (फुलाला खालून वेढणारी पानांसारखी छोटी पाती) पाहावीत. सेनेसिओत सारख्या लांबीच्या छदांच्या मुख्य वर्तुळाबाहेर आणखी अरुंद, सुटी छदे दिसतात. अर्निका व डोरोनिकम यांच्यात अशी वेगळी बाह्य फळी नसते. पाकळ्यांवर फार विसंबू नये. अर्निकाच्या पाकळ्या वाऱ्याने विस्कटल्यासारख्या दिसतात आणि त्यांच्या टोकांना तीन दाते असतात हे खरे, पण असे दाते या कुळात इतरत्रही आढळतात.

जमिनीवरूनही अंदाज बांधता येतो, कारण अर्निका आम्लधर्मी, निकृष्ट मातीत वाढते आणि चुनखडी टाळते, तर डोरोनिकम ग्रँडिफ्लोरम चुनखडीच्या दगडगोट्यांत रमते.

औषधी म्हणून फूल तोडण्याच्या विचारात असलेल्यांनी तर अधिकच सावध राहावे, कारण सेनेसिओ प्रजातीत यकृताला घातक अल्कलॉइडे असतात, अर्निकाही पोटात घेतल्यास विषारी आहे आणि युरोपात अनेक ठिकाणी ती तोडण्यावर निर्बंध आहेत. हाती फक्त वरून टिपलेले छायाचित्र असेल आणि त्यात एकही पान दिसत नसेल, तर नोंद ‘सूर्यफूल कुळ’ एवढ्यावरच थांबवावी.