‘आवाज न करणारे’ कॉफी मशीन: झोपण्याच्या खोलीसाठी यंत्र घेताना झालेली फसवणूक

झोपण्याच्या खोलीत ठेवायचे कॉफी मशीन आणि स्वयंपाकघरातील कॉफी मशीन या खरेदीच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि नेमक्या याच फरकाचा फायदा घेऊन एका ऑनलाइन विक्रेत्याने मला वापरलेले आणि माझ्या गरजेला सर्वस्वी निरुपयोगी असलेले यंत्र नवे म्हणून विकले. विक्रेत्याचे नाव मी येथे देत नाही, परंतु त्याने वापरलेली पद्धत तपशीलवार लिहीत आहे, कारण त्याच वर्णनाचे यंत्र आजही विक्रीला आहे आणि वयामुळे किंवा आजारपणामुळे सकाळी जिना उतरणे कठीण जाणारी माणसे ते शोधत असतात.

माझी गरज साधी होती. सकाळी उठल्यावर माझे गुडघे काही वेळ आखडलेले असतात आणि स्वयंपाकघर खालच्या मजल्यावर आहे. माझ्या झोपण्याच्या खोलीतच माझे यजमान झोपलेले असतात, त्यामुळे यंत्राचा आवाज कमीत कमी असावा, रात्री पाणी व कॉफी भरून ठेवली की सकाळी ठरलेल्या वेळी ते आपोआप सुरू व्हावे, आणि त्याच्या दिव्याचा उजेड अंधारात डोळ्यांवर येऊ नये, एवढीच माझी अपेक्षा होती. दूध मला लागत नाही, आणि ते बरेच आहे, कारण दुधाची नळी असलेले यंत्र प्रत्येक वापरानंतर लगेच धुवावे लागते आणि शयनगृहात ती सोय नसते.

जाहिरातीत लिहिले होते: ‘केवळ ३५ डेसिबल’, ‘टायमरयुक्त’, ‘१५ बार दाब’, ‘नवे, सीलबंद’. खरेदीपूर्वी मी विक्रेत्याच्या प्रतिनिधीशी फोनवर बोलले आणि लेखी संदेशही पाठवले. झोपलेल्या माणसाशेजारी हे यंत्र चालेल का, असे स्पष्ट विचारल्यावर ‘ताई, शेजारी बाळ झोपले असेल तरी जागे होणार नाही’ असे उत्तर आले. हे उत्तर लेखी होते, आणि पुढे तेच माझ्या उपयोगी पडले.

यंत्र आले तेव्हा ते कॅप्सूलवर, म्हणजे कॉफी भरलेल्या लहान बंद डबीवर, चालणारे आणि पंप असलेले होते. यात लपवाछपवी नव्हती, छायाचित्रात तेच दिसत होते. लपवलेली गोष्ट निराळी होती. घरगुती एस्प्रेसो (पाण्याच्या दाबाने काढलेली दाट कॉफी) व कॅप्सूल यंत्रांत बहुधा जो कंपन-पंप बसवलेला असतो, त्यात विद्युतचुंबकाच्या साहाय्याने एक लहान दट्ट्या विजेच्या वारंवारतेनुसार सेकंदाला ५० किंवा ६० वेळा मागेपुढे होतो. तो घुरघुरणारा, टेबलातून आणि भिंतीतून पसरणारा आवाज हा यंत्राचा दोष नसून त्याच्या कार्यपद्धतीचाच भाग आहे. चांगल्या रबरी पायांमुळे आणि आवरणामुळे तो कमी करता येतो, परंतु पंप असलेले यंत्र कुजबुजीइतक्या आवाजात कॉफी काढू शकत नाही. साधारण संभाषण एक मीटरवरून सुमारे ६० डेसिबल भरते, कुजबुज ३० च्या आसपास. डेसिबलचे माप गुणाकाराने वाढते, दर १० डेसिबलला ध्वनीची शक्ती दहापट होते आणि कानाला आवाज जवळजवळ दुप्पट जाणवतो. माझ्या यंत्राचा आवाज संभाषणाहून निश्चितच मोठा होता. पहिल्याच सकाळी यजमान दचकून उठले.

मी विचारणा केली तेव्हा ‘३५ डेसिबल’ हे माप यंत्र तापून स्वस्थ उभे असतानाचे आहे, असे सांगण्यात आले. म्हणजे आकडा कदाचित खरा होता, पण तो कॉफी काढतानाचा नव्हताच. हीच त्या जाहिरातीची संपूर्ण रीत होती: प्रत्येक दावा कशाच्या तरी बाबतीत खरा होता, फक्त वाचणारा ज्या बाबतीत समजेल त्या बाबतीत नव्हता. ‘टायमर’ म्हणजे काही मिनिटांनी यंत्र बंद करणारा टायमर निघाला. तशी स्वयंचलित बंद होण्याची व्यवस्था हा काही विशेष गुण नाही. युरोपीय संघात तर २०१५ पासून नव्या घरगुती कॉफी यंत्रांना ती नियमानेच बंधनकारक आहे, उष्णतारोधक भांडे असलेल्या ड्रिप, म्हणजे गरम पाणी कॉफीवर सोडून ती गाळणाऱ्या, यंत्रासाठी कॉफी झाल्यावर जास्तीत जास्त ५ मिनिटे, साध्या भांड्याच्या ड्रिप यंत्रासाठी ४० मिनिटे आणि इतर यंत्रांसाठी ३० मिनिटे अशी मर्यादा आहे. सकाळी यंत्र सुरू करणारा टायमर ही स्वतंत्र सोय आहे आणि ती या यंत्रात नव्हती.

‘१५ बार’ हा आकडाही तसाच. एस्प्रेसो काढताना कॉफीच्या थरावर साधारण ९ बार दाब अपेक्षित असतो. १५ किंवा १९ हा पंपाचा कमाल दाब, तोही पाण्याचा प्रवाह जवळजवळ थांबलेला असतानाचा. ज्याला सकाळी पेलाभर साधी गाळलेली कॉफी हवी आहे त्याला दाबाची गरजच नाही.

टायमरबद्दल तक्रार केल्यावर प्रतिनिधीने मोबाइलवरून चालणारा प्लग घेण्याचा सल्ला दिला आणि तोही त्यांच्याकडेच उपलब्ध असल्याचे सांगितले. मी तो घेतला नाही, कारण यंत्राचे बटण स्पर्शाने चालणारे होते. अशा यंत्राला वीज मिळाली तरी ते बहुधा केवळ प्रतीक्षेत उभे राहते, बटण दाबल्याशिवाय तापतच नाही. बाहेरच्या प्लगने आपोआप सुरू होणारे यंत्र हवे असेल तर त्याला खटक्याचे, म्हणजे दाबल्यावर त्याच स्थितीत राहणारे बटण लागते. त्याच बोलण्यात प्रतिनिधीने पलंगाजवळच्या दिव्याच्या एक्स्टेंशन बोर्डवरच यंत्र लावायला सांगितले. यंत्र १४०० वॅटचे होते. २३० व्होल्टला ते सुमारे ६ अँपिअर आणि १२० व्होल्टला जवळजवळ १२ अँपिअर वीज ओढते, आणि पडदे-पांघरुणांजवळ पातळ वायरच्या बोर्डवर एवढा भार टाकायला सांगणे हे मला आवाजाच्या खोटेपणापेक्षाही अधिक गंभीर वाटते.

येथवरची फसवणूक शब्दांची होती. खरी चोरी थोड्या वापरानंतर उघड झाली. क्षार काढण्याची, म्हणजे डिस्केलिंगची सूचना देणारा दिवा अगदी लवकर लुकलुकू लागला. पुष्कळ यंत्रांत ही सूचना आतून गेलेल्या पाण्याच्या मोजणीवर ठरते, म्हणून इतक्या थोड्या वापरात ती यायला नको होती. टाकी काढून खालच्या झडपेजवळ पाहिले तर पांढरा खरबरीत थर होता. त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर फेस आला, म्हणजे तो पाण्यातील कॅल्शियमचा क्षारच होता. कॅप्सूलला भोके पाडणाऱ्या सुयांभोवती तपकिरी तेलकट राप बसलेला होता आणि मागील दोन स्क्रूंची डोकी पेचकसाने खरवडलेली होती. येथे विक्रेत्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही उत्पादक कारखान्यात यंत्र चालवून पाहतात, त्यामुळे नव्या यंत्रात पाण्याचे चार थेंब किंवा कॉफीचा पुसट वास आढळला तर तेवढ्यावरून ते वापरलेले ठरत नाही. परंतु क्षाराचा थर चाचणीत बसत नाही, तो महिनोन्महिन्यांच्या वापराने बसतो.

त्यानंतर यंत्राच्या तळाची माहितीपट्टी वाचली. तिच्यावरचा अनुक्रमांक आणि खोक्यावरचा अनुक्रमांक वेगळे होते, आणि खोक्यावरचा कागद आधीच्या कागदावर चिकटवलेला होता. उत्पादकाच्या सेवा केंद्राने कळवले की त्या अनुक्रमांकाच्या यंत्राची नोंदणी पूर्वीच अन्य ग्राहकाच्या नावे झालेली आहे आणि हमीची मुदत संपत आली आहे. कोणीतरी परत केलेले यंत्र, पुसून, नव्या खोक्यात घालून, पूर्ण दराने मला विकलेले होते.

परताव्याची मुदत कशी घालवली गेली, हे मी सविस्तर सांगते, कारण वस्तूइतकीच ही पद्धतही ठरवून आखलेली होती. आवाजाच्या पहिल्या तक्रारीला आलेले उत्तर अत्यंत नम्र होते: पंपात हवा अडकली असेल, काही वेळा नुसते पाणी सोडा, आवाज बसेल. हे पटण्यासारखे आहे, कारण पंपात हवा असली की तो खरोखरच अधिक आवाज करतो. मग चित्रफीत मागितली. पाठवल्यावर ती दुसऱ्या बाजूने हवी होती. नंतर ती तांत्रिक विभागाकडे गेली. नंतर मूळ खोक्याची, थर्माकोलची आणि पिशव्यांची छायाचित्रे मागितली. प्रत्येक वेळी ‘आपली विनंती स्वीकारली आहे’ असा संदेश येई, परंतु परताव्याचा क्रमांक मात्र मिळत नसे. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी नम्रता नाहीशी झाली आणि परताव्याची नोंद वेळेत झालेली नाही, असे एका ओळीत कळवण्यात आले. क्षाराच्या थराची छायाचित्रे पाठवल्यावर तर त्यांनी लिहिले की यंत्र तुम्ही अतिवापराने खराब केले आहे, मोठी रक्कम कापूनच परत घेता येईल. ज्या थरावरून यंत्र जुने असल्याचे मी म्हणत होते, तोच थर त्यांनी माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला.

म्हणून सांगते, विक्रेत्याशी संवाद चालू आहे म्हणजे परताव्याची प्रक्रिया चालू आहे असे समजू नये. नोंद ज्या पानावर करायची त्याच पानावर, पहिल्या दिवशीच करावी, आणि चित्रफिती नंतर पाठवाव्यात. खोके उघडताना अखंड चित्रण करावे, त्यात खोक्यावरचा आणि यंत्राच्या तळाचा असे दोन्ही अनुक्रमांक दिसावेत. टाकीत पाणी ओतण्यापूर्वी झडप, सुया आणि गाळणी पाहून घ्यावी, कारण एकदा आपण पाणी घातले की जुन्या-नव्याचा वाद सुरू करायला विक्रेत्याला जागा मिळते. जाहिरातीचे पान खरेदीच्या दिवशीच जपून ठेवावे. माझ्या तक्रारीनंतर त्या पानावरचा ‘सीलबंद’ हा शब्द काढून टाकण्यात आला होता, पण जुन्या पानाचे चित्र माझ्याकडे होते.

मी पैसे कार्डाने भरले होते, त्यामुळे बँकेकडे व्यवहाराबाबत वाद नोंदवता आला. जुन्या पानाचे चित्र, ‘बाळ जागे होणार नाही’ हा संदेश, दोन अनुक्रमांकांची छायाचित्रे आणि सेवा केंद्राचे पत्र एवढी कागदपत्रे दिली. त्यांपैकी सेवा केंद्राच्या पत्राचाच सर्वाधिक उपयोग झाला, कारण ते तिऱ्हाइताचे म्हणणे होते. यंत्राची रक्कम परत मिळाली, पोहोचवण्याचा खर्च मिळाला नाही. ज्यांनी वस्तू हाती आल्यावर रोख पैसे दिले असतील त्यांना हा मार्ग नाही, हे ध्यानात घ्यावे.

आता खोलीत पंप नसलेले, लहान ड्रिप यंत्र आहे. त्यात तळाची नळी तापते, पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि एकमार्गी झडपेमुळे तेच बुडबुडे पाणी वर ढकलून गाळणीतल्या कॉफीवर सोडतात. शेवटी थोडी गुडगुड होते, एवढाच आवाज. उशाजवळ, ठरलेल्या वेळी आपोआप पेय तयार करण्याची कल्पना काही नवी नाही. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकापासून घड्याळ जोडलेली टीजमेड नावाची चहाची यंत्रे पलंगाशेजारी असत, आणि त्यांतही पंप नसून वाफेच्या दाबानेच उकळते पाणी किटलीतून चहाच्या भांड्यात जाई. माझ्या यंत्रात सकाळी सुरू होणारे घड्याळ आहे, भांडे उष्णतारोधक आहे, आणि ते थेट भिंतीवरच्या प्लगला, वाफ वर जायला मोकळी जागा सोडून ठेवले आहे. बिया दळण्याची सोय असलेले यंत्र मी जाणूनबुजून टाळले. दळण्याचा आवाज पंपाहूनही मोठा असतो, आणि शिवाय अशी पुष्कळ यंत्रे सुरू होताच स्वतःची नळी धुऊन ते पाणी तोटीतून सोडून देतात, मग खाली पेला असो वा नसो.

अलीकडे तेच छायाचित्र आणि तीच ‘केवळ ३५ डेसिबल’ ही ओळ दुसऱ्या विक्रेत्याच्या नावाखाली मला दिसली. मी तेथे तीन प्रश्न लेखी विचारले: हे माप कॉफी काढतानाचे आहे का आणि किती अंतरावरून घेतले आहे, टायमर यंत्र सुरू करतो की बंद, आणि पाठवण्याच्या यंत्राच्या तळपट्टीचे छायाचित्र मिळेल का. पहिल्या दोन प्रश्नांना ‘होय, उत्तम दर्जा’ एवढेच उत्तर आले. तळपट्टीचे छायाचित्र अद्याप आलेले नाही, आणि तो सगळा पत्रव्यवहार मी ज्या संकेतस्थळावर ही विक्री चालते त्यांच्या तक्रार विभागाकडे पाठवला आहे.