मेलेल्यांनाही तिकीट लागायचं : ब्रुकवूडची दफनभूमी

साडेचार तारे द्यायची सोय नाही म्हणून पाच देतोय.

मी ३६ वर्षं मध्य रेल्वेच्या बुकिंग खिडकीमागे काढली. मुलगी वोकिंगला असते, लंडनच्या नैऋत्येला, सरे परगण्यात. दर दोन वर्षांनी आम्ही दोघं तीन महिने तिच्याकडे येतो. आईवडिलांना जे जे दाखवायची पद्धत आहे, ते सगळं पहिल्याच खेपेला बघून झालं. या मे महिन्यात जावई म्हणाले, "बाबा, पुढच्याच स्टेशनला एक दफनभूमी आहे. तिला स्वतःची रेल्वे होती." लेकीने त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं. मी मोजे घालायला घेतले.

वोकिंगच्या पुढचं स्टेशन ब्रुकवूड. थांबत जाणारी गाडी पकडा, काही मिनिटांत पोचता. स्टेशनाच्या दक्षिणेकडच्या बाजूने बाहेर पडलं की रिक्षा नाही, बस नाही, थेट दफनभूमीच. प्रवेश फुकट.

आता ती इतक्या लांब का, ते सांगतो. १८४८-४९ च्या कॉलऱ्यात लंडनमध्ये १४ हजारांवर माणसं गेली. शहरातली चर्चची आवारं आधीच भरलेली, जुनी हाडं बाजूला सारून नवी पेटी ठेवायची अशी गत. मग लंडन नेक्रोपोलिस नावाची कंपनी निघाली. १८५२ साली संसदेने तिच्यासाठी खास कायदा केला. लॉर्ड ऑन्स्लोची दोन हजार एकरांवर माळरानाची जमीन कंपनीने घेतली, त्यातली ५०० एकर आखली आणि नोव्हेंबर १८५४ मध्ये दफनं सुरू झाली. सगळ्या लंडनचे मृतदेह पुढची कित्येक शतकं इथे मावतील असा हिशेब. एवढ्या लांब ते न्यायचे कसे? तर रेल्वेने. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनाजवळ कंपनीचं वेगळं स्टेशन, तिथून खास गाडी. ती मुख्य लाइन सोडून दफनभूमीच्या आत शिरायची. आत दोन स्टेशनं होती. दक्षिणेचं चर्च ऑफ इंग्लंडवाल्यांचं, उत्तरेचं बाकी सगळ्यांचं. दोन्हीकडे खानपानाची सोय. रडून झाल्यावर चहा लागतोच.

आणि तिकीट! प्रवाशालाही तिकीट, शवपेटीलाही तिकीट. आम्ही विकायचो तसलंच पुठ्ठ्याचं. प्रवाशाला परतीचं, पेटीला एकेरी. आपल्याकडेही मृतदेह रेल्वेने नेता येतो, पण तो पार्सल ऑफिसचा विषय. खिडकीवर कधी येत नाही. इथे मेलेला माणूससुद्धा शेवटपर्यंत प्रवासीच राहिला, हे मला फार आवडलं.

भाडं कंपनीच्या मर्जीवर नव्हतं, कायद्याने बांधलेलं होतं. जिवंत माणसाला जाऊन-येऊन पहिल्या वर्गाचे ६ शिलिंग, दुसऱ्याचे साडेतीन, तिसऱ्याचे २. पेटीला पहिल्या वर्गाचा १ पौंड, दुसऱ्याचे ५ शिलिंग, तिसऱ्याचे अडीच. २० शिलिंगांचा पौंड. मी बाकावर बसून तिकिटाच्याच पाठीवर हिशेब मांडला. जिवंत माणसाला पहिल्या आणि तिसऱ्या वर्गात तिपटीचा फरक, मेलेल्याला आठपट! आणि ही पेटी खिडकीतून बाहेरसुद्धा बघणार नाही. आपल्याकडे तिसरा वर्ग १९७४ साली बंद झाला, मी चिकटलो १९७९ ला. त्यामुळे ते पाप माझ्या हातून घडलं नाही. पण कंपनीची एक गोष्ट मानली पाहिजे. ज्यांचा खर्च गावकीने उचलायचा अशा अगदी फाटक्या माणसालाही इथे स्वतंत्र खड्डा मिळायचा. लंडनमध्ये तेव्हा गरिबांना एकावर एक पुरत होते. कायमचा दगड मात्र अशा कबरीवर लावता येत नसे.

गंमत म्हणजे हे भाडं साध्या गाडीपेक्षा स्वस्त पडायचं. जवळच गोल्फचं मैदान होतं, तर गोल्फ खेळणारे काळे कपडे चढवून, सुतकी चेहरा करून याच गाडीने यायचे म्हणतात. विनातिकीट खूप पकडलेले पाहिले. विनामयत प्रवासी पहिल्यांदाच ऐकले.

एप्रिल १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात लंडनचं ते स्टेशन उद्ध्वस्त झालं आणि गाडी कायमची थांबली. युद्ध संपल्यावर रूळही उखडले. दक्षिणेच्या स्टेशनाचा फलाट तेवढा उरलाय. त्याच्याशेजारी आता ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मठ आहे. फलाटाच्या कडेवर हात ठेवून मी बराच वेळ उभा होतो. ही म्हणाली, "अहो, गाडी यायचीय का अजून?"

झाडं बघाच. १८५४ च्या सुमाराला लावलेले अमेरिकन सेक्वाया आज रांगेने आभाळात गेलेत. त्यांच्या सालीवर मूठ मारली तर लागत नाही, गादीसारखी दबते. रोडोडेंड्रॉन फुलले होते, माणूस चिटपाखरू नाही. इथे दोन लाख ३५ हजारांहून जास्त माणसं पुरलीत, हे त्या शांततेत मनाला पटवून द्यावं लागतं.

आम्हाला मात्र एक जागा शोधायची होती, आणि नकाशा न घेता निघाल्यामुळे तासभर भरकटलो. लंडनच्या पारशांनी १८६२ साली इथे आपला तुकडा घेतला. विलायतेत दख्मा, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी ठेवायचा बुरूज, कुठला? पुरण्यावाचून इलाज नव्हता. जमशेटजी टाटा १९०४ साली जर्मनीत वारले, ते इथे आहेत. त्यांचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा १९१८ साली कॉर्नवॉलमध्ये वारले, तेही इथेच. इराणी वळणाची दगडी घरं, त्यावर पंख पसरलेला फरोहर, पारशांचं धर्मचिन्ह. मुंबईत ज्या नावावर इमारती उभ्या आहेत, तो माणूस सरेच्या ओल्या गवतात. पुतळ्यापुढे उभं राहून हे लक्षात येत नाही.

जमशेटजींचे थोरले चिरंजीव दोराबजी आणि त्यांच्या पत्नी मेहेरबाईही तिथेच. मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वेल्समध्ये वारल्या. पुढच्या वर्षी दोराबजी बायकोची कबर बघायला म्हणून मुंबईहून निघाले आणि वाटेत जर्मनीतच गेले. त्यांनाही इथेच आणलं. परळचं टाटा हॉस्पिटल उभं राहायला मेहेरबाईंचं ते दुखणं कारण झालं. १९४१ साली ते सुरू झालं.

२०११ साली आम्ही आठ महिने डोंबिवलीहून टाटाला जात होतो. हिच्यासाठी. परळला उतरायचं आणि चालत जायचं. ते सगळं तिथे कोणी बोललं नाही. ही फक्त म्हणाली, "चपला काढू का?" पारशांचं काय असतं मला माहीत नाही. तिने बूट काढले. मीही काढले. मोजे चिंब झाले.

आता दहनाबद्दल, कारण परतीच्या वाटेवर जावयांनी वोकिंगचं दाहगृह बाहेरून दाखवलं. ते वेगळं, सेंट जॉन्स भागात. १८७८ साली याच नेक्रोपोलिस कंपनीकडून जमीन घेऊन बांधलेलं, ब्रिटनमधलं पहिलं. पुढच्या वर्षी एक मेलेला घोडा जाळून भट्टीची परीक्षा घेतली. भट्टी पास झाली, पण गृहमंत्री अडून बसले. पुढे वेल्समधल्या विल्यम प्राइस नावाच्या विक्षिप्त डॉक्टरने आपल्या मेलेल्या तान्ह्या मुलाला टेकडीवर जाळायला घेतलं. खटला झाला. १८८४ साली न्यायाधीश म्हणाले, जाळणं हा गुन्हा नाही. मग १८८५ च्या मार्चमध्ये इथे पहिलं दहन. १८९५ साली मार्क्सचे मित्र एंगल्स यांचं दहन इथेच झालं आणि अस्थी समुद्रात सोडल्या. आपल्याकडे लाकडं ओली निघाली म्हणून भांडणं होतात, इथे मुळात जाळू द्या म्हणून कोर्टाची पायरी चढावी लागली. दाहगृह अजून चालू आहे, त्यामुळे आत डोकावायला जाऊ नका. लोक दुःखात आलेले असतात.

जाणार असाल तर नकाशा घ्या, पाणी घ्या, पाव दिवस ठेवा. कॅनव्हासचे बूट घालू नका, माझे दोन दिवस वाळत होते. लहान मुलांना नेलं तरी चालेल, भीतीदायक काही नाही.

इथे कागदी रिटर्न मागितलं की दोन वेगळी कार्डं हातात येतात, एक जाण्याचं, एक परतीचं. वोकिंगला बाहेर पडताना गेटने परतीचं गिळलं ते दिलंच नाही. मी दोन मिनिटं थांबलो, मागून रांग लागली, मग लेकीने ओढत नेलं. ज्याच्या पाठीवर हिशेब केला होता ते जाण्याचं तिकीट पाकिटात आहे.