क्विल्टिंगच्या साहित्याचा ‘संपूर्ण संच’ आणि माझे ३१,९४९ रुपये

क्विल्टिंगचे, म्हणजे कापडाचे थर एकत्र टाचून पांघरूण शिवण्याचे, साहित्य देतो असे सांगून माझ्याकडून ३१,९४९ रुपये काढून घेण्यात आले. समाजमाध्यमावरची जाहिरात, आधी पैसे, मग पार्सलच्या आशेवर घालवलेले दिवस आणि शेवटी बंद पडलेला नंबर, हा क्रम आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. तो मलाही पाठ होता, त्यामुळे त्याचे वर्णन करून कोणाचा वेळ घेत नाही. मला जाळते आहे ते वेगळेच. ज्या कामातले मला कळते आणि ज्याच्या कमाईवर घरचा थोडाफार खर्च भागतो, त्याच कामाच्या अवजारांवरून मला गंडवले गेले. ती अवजारे पहिल्या आठवड्यातच मला खरे काय ते सांगत होती.

मी पुण्यात गोधड्या आणि क्विल्ट शिवून विकते. हाताने धावदोरा घातलेल्या गोधडीला मागणी असते, पण ती सावकाश होते. गेल्या हिवाळ्याआधी एका निवासगृहाकडून दुहेरी पलंगाच्या क्विल्टचे मोठे काम आले, तेव्हा कात्रीने तुकडे कापत बसणे परवडणारे नव्हते. रोटरी कटर (गोल फिरणाऱ्या पात्याचा), त्याखाली अंथरायची मॅट आणि सहा बाय चोवीस इंचांची अ‍ॅक्रिलिकची पट्टी ही तीन अवजारे एकत्र असतील तरच उपयोगाची असतात, कारण मॅटशिवाय कटर चालवला तर टेबल आणि पाते दोन्ही खराब होतात, आणि पट्टीशिवाय तो सरळ चालत नाही. क्विल्टमध्ये शिलाईला पाव इंच सोडायचा असतो. तुकड्यामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जरी कमीजास्त झाले, तरी बारा तुकड्यांच्या ओळीत दीड इंचाचा फरक पडतो आणि चौकोनाला चौकोन भिडत नाही. म्हणजे मी हौसेने खेळणी गोळा करायला निघाले नव्हते. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण घरात ‘नसते नाद’ हा शब्दप्रयोग गेले काही महिने वरचेवर कानांवर पडतो आहे, आणि सासूबाईंचे ‘आमचं एका दाभणावर भागत होतं’ हे तर रोजचेच आहे.

दुकानांत का गेले नाही, असे विचारणाऱ्यांसाठी सांगते की मी गेले होते. रविवार पेठेत सुया, बॉबिन, रिळे, खडू, अंगुस्तान सगळे मिळते आणि चांगले मिळते. पण मी विचारले त्या दुकानांत चोवीस बाय छत्तीस इंचांची मॅट नव्हती, आणि जाड थर शिवायला मशीनला लावायचा वॉकिंग फूट ‘मागवून देऊ’ या उत्तरापुढे सरकत नव्हता. अशा वेळी नेमकी हीच नावे घेणारी जाहिरात मोबाइलवर आली, तर माणूस ती उघडून पाहणारच.

पहिली खरेदी १,१८० रुपयांची होती. पंचेचाळीस मिलिमीटरचा कटर आणि दोन जादा पाती एवढेच मागवले होते आणि पैसे माल हातात आल्यावर दिले. माल आला आणि तो चांगला होता. हा कटर जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये बाजारात आणला, आणि त्यांची पिवळी मूठ इतकी ओळखीची आहे की नकला करणारेही मूठ पिवळीच ठेवतात. मी मूठ न पाहता पाते पाहिले, सुती कापडाच्या चार थरांवर चालवले आणि ते एका फटक्यात आरपार गेले. परीक्षा घेतली ती अवजाराची, आणि गुण दिले विकणाऱ्याला. पहिला माल चांगला आला म्हणून दुसऱ्या वेळी आगाऊ पैसे देऊ नका. ते १,१८० रुपये त्यांचे बियाणे होते.

त्यानंतर ‘एकावन्न वस्तूंचा संपूर्ण क्विल्टिंग संच’ ८,४५० रुपयांना देऊ केला गेला. संच या प्रकाराबद्दलच एकदा स्पष्ट बोलले पाहिजे. एकावन्न वस्तूंपैकी दहा वस्तू तरी रोज हाताला लागतात का, ते मोजून पाहावे. बाकी सगळी भरती असते: प्लॅस्टिकच्या क्लिपा, मापाच्या टेपा, उसवणीचे हत्यार तीन आकारांत आणि प्रत्येक क्लिप स्वतंत्र वस्तू म्हणून मोजलेली. चांगली मॅट, चांगली पट्टी आणि चांगला कटर घ्यावा. वरचे कापड, मधला भराव आणि अस्तर हे तिन्ही थर एकत्र धरायला वाकड्या सेफ्टी पिना घ्याव्यात आणि त्या मुठीएवढ्या अंतरावर लावाव्यात. हाताने टाके घालायचे असतील, तर क्विल्टिंगच्या आखूड सुया आठ किंवा नऊ नंबरच्या घ्याव्यात, कारण या सुयांचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होते आणि बाराव्या नंबरच्या सुईत दोरा ओवताना नवशिक्याचे डोळे जातात. बाकीचे गरज पडेल तसे घेता येते. मी हे सगळे इतरांना सांगत असते. तरीही संच मागवला, कारण त्यात मॅट, पट्टी आणि वॉकिंग फूट होते आणि तिन्हींची वेगवेगळी बेरीज याहून जास्त होत होती.

वॉकिंग फूटबद्दल मी प्रश्न विचारला होता, हे मला नोंदवून ठेवायचे आहे. हा फूट वरचे कापड खालच्या कापडाच्या बरोबरीने पुढे ओढतो, म्हणून तीन थर शिवताना चुण्या पडत नाहीत. पण मशीनचा शँक, म्हणजे फूट ज्याला लावतात तो दांडा, आखूड आहे की उंच, यावर तो बसतो की नाही हे ठरते. मी तसे विचारले. उत्तर आले, ‘ताई, युनिव्हर्सल आहे, सगळ्या मशीनला बसतो.’ वॉकिंग फूट विकणारा माणूस असे कधीच म्हणणार नाही. तो तुम्हाला तुमच्या मशीनचे नाव विचारेल, जुन्या फूटचा फोटो मागेल, स्क्रूपासून खालच्या पट्टीपर्यंतचे अंतर मोजायला सांगेल. प्रश्न उलटून न विचारणाऱ्या विक्रेत्याकडून मशीनचा कोणताही सुटा भाग घेऊ नका.

यूपीआयने पैसे भरताना पडद्यावर एका व्यक्तीचे नाव आले, दुकानाचे नव्हे. तेही मी विचारले. ‘मालकांचं खातं आहे, कंपनीच्या खात्याची आजची मर्यादा संपली,’ असे सांगण्यात आले. ८,४५० रुपये गेले.

आता तो व्हिडिओ. दुसऱ्या दिवशी ‘तुमचं पार्सल पॅक होतंय’ म्हणून चौदा सेकंदांचा एक व्हिडिओ आला. खोक्यावर माझे नाव मार्करने लिहिलेले होते, पट्टी होती, पिनांची डबी होती, आणि एक हात हिरवी मॅट उचलून, मधोमध घडी घालून, पुन्हा एक घडी घालून खोक्यात बसवत होता. कटिंग मॅटची घडी घालत नाहीत. ती सपाट ठेवतात, उन्हात किंवा बंद गाडीत ठेवत नाहीत, तिच्यावर इस्त्री टेकवत नाहीत, कारण एकदा ती वाकली की कायमची वाकते आणि घडीच्या जागी कटर उडी मारतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींनी मॅट भिंतीला तिरकी टेकवलेली दिसली तर मी ओरडते. आणि तोच हात चादरीची घालावी तशी मॅटची चौघडी घालताना मी पाहिला, पुन्हा लावून पाहिला, पार्सल निघाल्याच्या आनंदात नणंदेलाही पाठवला. दुमडणाऱ्या मॅट मिळतात, हे खरे आहे, आणि त्या क्षणी मी स्वतःची हीच समजूत घातली. पण त्या बहुतेक लहान असतात आणि त्यांना मधे सांधा असतो. व्हिडिओत सांधा नव्हता. व्हिडिओत होते ते रेघा छापलेले हिरवे रेक्झिन. ती घडी मला तेव्हा खटकली असती, तर नुकसान ८,४५० रुपयांवर थांबले असते.

ते थांबले नाही, कारण व्हिडिओपाठोपाठ मशीनचा विषय निघाला. दुहेरी पलंगाचा क्विल्ट गुंडाळून घरगुती मशीनच्या हाताखालून, म्हणजे सुई आणि खांब यांच्यामधल्या जागेतून, सरकवणे म्हणजे काय कसरत असते, हे ज्यांनी केले आहे त्यांना सांगायला नको. हाताखाली नऊ इंच जागा असलेली, फक्त सरळ टाका घालणारी भारी मशीन ‘प्रदर्शनात ठेवलेली, म्हणून निम्म्या किमतीत’ १९,५०० रुपयांना होती. ते भरले. मग ‘वाहतूक विमा, मशीन मिळाल्यावर परत’ म्हणून ३,९९९ रुपये. तेही भरले. परत मिळणारी रक्कम आधी मागितली जाते तेव्हा ती परत मिळत नसते.

पार्सल आले ते एकच. आत हातरुमालांचे पाकीट आणि प्लॅस्टिकच्या मुठीची लहान मुलांची कात्री होती. वजन ३५० ग्रॅम. हे वजन कुरिअरच्या संकेतस्थळावर पहिल्या दिवसापासून दिसत होते, फक्त ‘मार्गस्थ’ या शब्दाखाली बारीक अक्षरात. हे रुमाल चुकून आलेले नसतात. ते पाठवले जातात, कारण त्यामुळे कुरिअरच्या नोंदीत ‘माल पोचला’ असा शिक्का बसतो, आणि तो शिक्का पुढे प्रत्येक कार्यालयात तुमच्याच तोंडावर फेकला जातो.

तसेच झाले. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन लागायला वेळ लागला, पण निदान तिथे तक्रार नोंदवून घेतली आणि क्रमांक दिला. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत हा फोन केला, तर रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता येते. माझे ते तास ‘मार्गस्थ’ वाचण्यात गेले होते, आणि पार्सल पाठवण्यामागचा दुसरा हेतू हाच असतो. बँकेत गेले तर अधिकाऱ्याने रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक काढून दाखवले. ते ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांपुरते होते. तुम्ही पिन स्वतः टाकला, म्हणून व्यवहार अधिकृत ठरतो, असे उत्तर. ज्या खात्यात पैसे गेले त्या खातेदाराची ओळख तपासून खाते उघडणारी बँकच असते ना, या प्रश्नावर मात्र ‘ते दुसऱ्या बँकेचं आहे’. लेखी तक्रार दिली, ३० दिवस वाट पाहिली, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केला. तोही ‘तक्रारदाराने स्वतः व्यवहार केला’ या एका ओळीवर बंद झाला.

पोलीस ठाण्यातला प्रसंग सांगताना मला अजून संताप येतो. टेबलावरच्या हवालदारांनी रुमालांचे पाकीट उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, ‘मॅडम, पार्सल तर आलंय ना? मग फसवणूक कुठे?’ मी म्हटले, मशीन मागवली होती. ते म्हणाले, मग ग्राहक मंचात जा. फसवून पैसे काढून घेण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) मध्ये आहे, तो दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना थेट नोंदवून तपासता येतो, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचे कारण सांगून खबर नाकारता येत नाही, हे मी कागदावर लिहून नेले होते. त्यावर मला सायबर शाखेत पाठवण्यात आले. तिथे समजले की माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो आणि ‘साहेब बंदोबस्तावर आहेत’. साहेब गणपतीच्या बंदोबस्तावर होते, मग नवरात्राच्या, मग निवडणुकीच्या. कोणीतरी आपुलकीने सल्ला दिला की इथे लाखांची प्रकरणे पडून आहेत, तुमचे ३१ हजार विसरून जा. ३१,९४९ रुपये म्हणजे किती टाके, हे त्या माणसाला कोण सांगणार?

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही आणि ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, हे कायद्यात उत्तम आहे. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो. बिलावर भिवंडीतल्या गोदामाचा पत्ता होता, तिथे पाठवलेले पत्र ‘अशी संस्था नाही’ असा शेरा घेऊन परत आले. त्या बिलावरचा जीएसटी क्रमांक मी नंतर नीट वाचला आणि हात कपाळावर गेला. पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, आणि बिलावर होते ०७, म्हणजे दिल्ली. सहावे अक्षर मालक कोण ते सांगते. कंपनी असेल तर तिथे ‘सी’ असतो, एकट्या व्यक्तीचा धंदा असेल तर ‘पी’. नाव ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि सहावे अक्षर ‘पी’. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून पाहिला, तर तो भलत्याच नावाच्या भंगार व्यापाऱ्याचा निघाला. त्याच्या नावाचाही असाच वापर झाला असणार. हे तपासायला पैसे लागत नाहीत, लॉगिन लागत नाही. पैसे भरण्याआधी बिलाचा नमुना मागा, आणि देणार नाही म्हणाले तर तिथेच थांबा.

कुरिअर कंपनीकडे पाठवणाऱ्याचे नाव, मोबाइल आणि पार्सल कुठून उचलले त्याची नोंद असते. ती मला मिळत नाही, कारण ती ‘गोपनीय’ आहे; पोलिसांनी पत्र दिले तर मिळेल. पोलीस पत्र देत नाहीत, कारण गुन्हा नोंद नाही. गुन्हा नोंद होत नाही, कारण पार्सल पोचले आहे.

निवासगृहाचे काम मी कात्रीने आणि जुन्या मशीनवरच पूर्ण केले. मॅट नंतर मुंबईच्या एका दुकानातून, हाताने दाबून, कडेने डोळ्यांसमोर धरून ती सपाट आहे हे पाहून घेतली. जाहिरात अजून सुरू आहे. दुकानाचे नाव बदलले आहे, संच आता ‘त्रेसष्ट वस्तूंचा’ झाला आहे. ज्या कोणी तिथे पैसे भरले असतील त्यांनी आलेले खोके, कुरिअरची चिठ्ठी आणि तिच्यावरचे वजन यांचे फोटो काढून ठेवावेत, पार्सल उघडतानाचा अखंड व्हिडिओ ठेवावा आणि आपापल्या शहरात तक्रार द्यावी. एकाच खात्यावर पाच ठिकाणांहून तक्रारी गेल्या, तर कोणत्या तरी साहेबांना बंदोबस्तातून परतल्यावर ती फाइल उघडावी लागेल.